घरांत आलेली पेटी

गेल्या आषाढांत खुलताबादेस आमच्या वाड्याची मागील भिंत बसली. ती उभी करण्याचा खर्च कोणीं किती उचलावा याची बोलणीं चालू असतांच, पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेस गेलेल्या आमच्या वडील चुलतबंधूंकडून एक पेटी आली. सोबतच्या चिठींत दादांनीं लिहिलें होतें, “मुलगा लहान असतांना घेतलेल्या ह्या बाहुल्या. आतां त्यांस म्हणे मोठें मोल येतें. विकून भिंतीस लावा, अगर मुलांना द्या. सर्वांनीं बसून ठरवा.”

सर्वांनीं बसून ठरविणें आमच्या घरीं किती सोपें आहे हें दादा विसरले असावेत!

पेटींत वरखालीं दोन तबकें आणि त्यांत बारा बाहुल्या, सामान्यतः पावणेचार इंच उंचीच्या. ‘स्टार वॉर्स’ ह्या अंतराळकथेच्या चित्रपटांतील हीं पात्रें. आमच्या वाचकांस विज्ञानकथा डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’मुळें परिचित आहे, पण आपल्याकडील विज्ञानकथेंतून खेळणीं निघालीं नाहींत. तिकडे तीं निघालीं, आणि फार निघालीं. चित्रपट १९७७ सालीं आला. तो इतका चालेल याची कल्पना नसल्यामुळें केनर कंपनीजवळ नाताळापर्यंत एकही बाहुली तयार नव्हती. तेव्हां कंपनीनें पुठ्ठ्याचें एक पाकीट विकावयास काढलें. आंत बाहुली नाहीं. एक चित्र आणि एक दाखला. दाखला टपालानें पाठवावा, म्हणजे पुढील वर्षीं चार बाहुल्या घरपोंच येतील! लोकांनीं तेंही घेतलें. मुलग्यांच्या हातीं ‘बाहुली’ देण्यास तिकडील बाप कचरतात, म्हणून १९६४ सालीं दुसऱ्या एका कंपनीनें आपल्या शिपायास ‘अ‍ॅक्शन फिगर’ असें नांव दिलें होतें. तेंच पुढें रूढ झालें. आम्ही बाहुलीच म्हणतों.

परीक्षेचें काम आमच्या धाकट्या पुतण्यानें अंगावर घेतलें व आम्ही चष्मा लावून शेजारीं बसलों. अस्सल बाहुलीच्या पायाच्या मागल्या अंगास बारीक अक्षरांत साल व ठसा असतो. तो बाराहींवर मिळाला. सोनेरी यंत्रमानवाचा मुलामा गुडघ्याशीं उडाला होता. निळ्या-पांढऱ्या बुटक्या यंत्राचें डोकें फिरवितांच अजून टक्‌टक्‌ वाजत होतें. पांच जणांचीं शस्त्रें हरवलेलीं. राजकन्या लेया ही बारांत एकटी स्त्री. तिचा झगा फाटलेला. वहिनी म्हणाल्या, “अकरा पुरुषांत एकटी, तिचा झगा फाटणारच.”

उरलेलीं शस्त्रें अस्सल कीं नक्कल? अस्सल पाण्यावर तरंगतें, नक्कल बुडते असा संग्राहकांचा एक ठोकताळा आहे. तो निरपवाद नाहीं. पण मुलांना तेवढें पुरें झालें. त्यांनीं देवघरांतील ताम्हनच उचलून आणलें. आमच्या मातोश्रींनीं त्यावर जें सुनावलें तें येथें लिहीत नाहीं. पुढील परीक्षा परातींत झाली.

सर्वांत मोठी आशा होती ती ‘जावा’ नामक बुटक्या पात्रावर. त्याचा झगा प्रथम प्लास्टिकचा असे. इतक्या लहान बाहुलीस तो फारच दरिद्री दिसतो म्हणून पुढें कापडाचा केला. त्यामुळें प्लास्टिकच्या झग्याचा जावा दुर्मिळ व अतिशय महाग. इतका, कीं दुसऱ्या पात्राचा झगा कातरून त्यास चढविणारे ठकही निघाले. आमच्या जावाचा झगा कापडी निघाला. पुतण्यानें तो उलटासुलटा करून तीनदां पाहिला. भिंतीचा प्रश्न तेथेंच संपला म्हणावयाचा.

त्यांतही ज्या बाहुलीचें मूळ वेष्टन कधीं फुटलेंच नाहीं तिची किंमत सर्वांत अधिक. म्हणजे जिच्याशीं कोणी खेळलेंच नाहीं ती श्रेष्ठ. हें आम्हांस पटावयास जड जातें. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हाही पेटीबंद संचच: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, मिळून १२० पानें. परंतु तीं हाताळण्यासाठींच लाखेनें मढवीत. येथून जवळच वेरूळास किती मूर्तींचे हात गेले आहेत, नाकें गेलीं आहेत. म्हणून तेथें कोणी भाव पाडून मागत नाहीं. अर्थात् बाजाराचा न्याय निराळा, आणि दादांच्या पेटीस तोच लागू, हें आमच्या पुतण्याचें म्हणणें खोटें नव्हे. तो म्हणाला, “काका, पूर्ण असलेल्या तीन-चार तरी विकूं. बाकीच्या मुलांना.”

संच फोडावा कीं नाहीं यावर दोन रात्री गेल्या. श्रावणी शनिवारीं भद्रा मारुतीच्या बाहेरील दुकानांतून मुलांना आणलेलीं खेळणीं सोमवारपर्यंत मोडतात व कोणी त्यांची चौकशी करीत नाहीं. ह्या बारांसाठीं मात्र घरांत दोन पक्ष पडले. अखेर आम्हीं दादांस खरें तें कळविलें: किंमत येईल ती भिंतीच्या पायासही पुरणार नाहीं. आठ दिवसांनीं त्यांचा फोन आला. भिंतीचा आपला वांटा ते निराळा पाठविणार होते. पेटीविषयीं एवढेंच विचारलें, “निळ्या यंत्राचें डोकें अजून वाजतें का?” त्यांचा मुलगा तें कानाशीं धरून झोपत असे.

यंदां गौरीपुढील आराशींत मातीच्या वाण्याशेजारीं काळ्या झग्याचा डार्थ व्हेडर उभा होता. लेयेस वहिनींनीं खणाच्या तुकड्याचा नवा झगा शिवला आहे. पुतण्या म्हणतो, त्यामुळें तिची किंमत आणखी उतरली.