डोकं घरी ठेवायला कुणी सांगितलं?

"डोकं घरी ठेवून बघायचा सिनेमा आहे." हे वाक्य मी सोमवारी सकाळी ऑफिसच्या चहाच्या मशीनपाशी ऐकतो, फेसबुकवरच्या परीक्षणांत वाचतो, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काका लोकांकडून ते फॉरवर्ड झाल्यासारखं येतं. म्हणणारे दोन प्रकारचे असतात. पहिल्यांना ॲक्शन सिनेमा मुळातच कमअस्सल वाटतो. त्यांच्याशी माझं फारसं भांडण नाही, ते तसंही बघत नाहीत. माझा राग दुसऱ्यांवर आहे. हे चाहते असतात, तिकीट काढून पहिल्या दिवशी जातात, आणि सिनेमा भिकार निघाला की हेच वाक्य ढालीसारखं पुढे करतात. "अरे, ॲक्शन आहे, लॉजिक काय शोधतोस!"

कोल्हापूर-सांगलीकडच्या कुस्तीच्या मैदानाला कधी गेला असाल तर आठवा. समालोचकाने डावाचं नाव घ्यायच्या आत शेजारचे आजोबा "ढाक लावतोय बघ" म्हणून मोकळे झालेले असतात. पट कधी काढला, घिस्सा कुठे फसला, पोराचा डावा पाय आधीच कसा हलला, सगळ्याची चर्चा होते. तिथे डोकं घरी ठेवून या असं कुणी म्हटलं तर लोक त्यालाच घरी पाठवतील. देहाच्या हालचाली वाचणं हे बुद्धीचंच काम आहे हे आपल्याला तांबड्या मातीत कळतं आणि पडद्यासमोर बसलो की कळेनासं होतं.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. रात्री अडीच वाजता काहीतरी कोसळलं की पहिला प्रश्न असतो: या क्षणी नेमकी स्थिती काय आहे? कुठला भाग चालू आहे, कुणाकडे काय आहे, यातलं काय बदललं? ते नीट सांगता येत नसेल तर पुढची सगळी धावपळ फुकट. चांगली मारामारी बघताना मी हेच करत असतो. कोण कुठे उभा आहे, कुणाच्या हातात काय आहे, दार कुठल्या बाजूला आहे, कुणाला कुठे लागलंय. दिग्दर्शक ही माहिती देत राहिला तर मी खुर्चीच्या टोकाला येतो. ती दिली नाही तर उरतो तो गोंगाट, आणि त्याचे मला मल्टिप्लेक्समध्ये चारशे रुपये पडतात.

'टेकन 3'मध्ये लियम नीसन जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो. सहा-एक सेकंदांचा मामला, पण त्यात डझनभराहून जास्त कट आहेत. कुंपण चढून जाणारा माणूस आपल्याला कधी नीट दिसतच नाही. यावर लगेच कुणी म्हणेल की वेगवान कटिंगच वाईट. अजिबात नाही. जॉर्ज मिलरच्या 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये (2015) साधारण 2700 कट आहेत. दोन तासांचा सिनेमा धरला तर सरासरी पावणेतीन सेकंदांना एक. तरीही नजर हरवत नाही, कारण मिलरने महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा चौकटीच्या मध्यावर ठेवायला लावली. कट झाला तरी डोळे जिथे होते तिथेच पुढची गोष्ट सापडते. संकलन केलं मार्गारेट सिक्सेलने, म्हणजे मिलरच्या बायकोने. तिने त्याआधी ॲक्शनपट कधी संकलित केला नव्हता आणि मिलरला ती हवी होती ती त्याचसाठी. एरवीच्या ॲक्शनपटांसारखा हा दिसू नये म्हणून. नामिबियाच्या वाळवंटातून आलेलं शेकडो तासांचं चित्रण चाळून तिने हा सिनेमा बांधला आणि ऑस्कर घेतलं.

त्यातली मॅक्स आणि फ्युरिओसाची पहिली झटापट पुन्हा बघा. मॅक्सच्या तोंडाला लोखंडी जाळी, तिची साखळी बेशुद्ध नक्सला बांधलेली, जोडीला गाडीचं एक उखडलेलं दार फरपटत आणलेलं. समोर एका हाताची फ्युरिओसा. संवाद जवळजवळ नाहीत. साखळी किती लांब आहे यावर कोण कुठवर पोहोचेल हे ठरतं, आणि आपल्याला ते प्रत्येक क्षणी माहीत असतं. शेवटी पिस्तूल हाती आल्यावर मॅक्स तिच्या डोक्याभोवतीच्या वाळूत गोळ्या झाडतो, तिला मारत नाही. हा माणूस कोण आहे ते तिथे कळतं. एखाद्या कौटुंबिक नाटकात यासाठी दोन पानांचं स्वगत लागलं असतं, आणि त्याला आपण टाळ्या वाजवल्या असत्या.

"हॉलिवूडकडे पैसा आहे हो" हे पुढचं ठरलेलं उत्तर. मग 'द रेड' घ्या. 2011चा इंडोनेशियन सिनेमा, दिग्दर्शक गॅरेथ एव्हन्स वेल्सचा. तो तिथे पेंचाक सिलाट या युद्धकलेवर माहितीपट करायला गेला होता, तिथे त्याला टेलिकॉम कंपनीत ड्रायव्हर असलेला इको उवैस सापडला आणि त्याला त्याने नायक केलं. खर्च सुमारे 11 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने पाच-सहा कोटी रुपये. एवढ्यात मराठीतही सिनेमे होतात. गोष्ट एका ओळीची: पोलिसांची तुकडी गुंडांच्या इमारतीत शिरते आणि अडकते. आधी बंदुका असतात, गोळ्या संपतात, मग सुरे-कोयते, मग नुसते हातपाय. जितकं वर जावं तितकी साधनं कमी. पैशाने हे येत नाही. महिनोन्‌महिने तालमी केल्या, मारामाऱ्या आधी साध्या कॅमेऱ्यावर उतरवून तपासल्या, तेव्हा आलं.

'मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट'वर (2018) मी स्वतंत्र लेख लिहू शकतो, पण संपादक आवरतील. विमानातून उडी मारायच्या दृश्यासाठी टॉम क्रूझने शंभराहून जास्त उड्या मारल्या, कारण हवा तो संधिप्रकाश दिवसातून काही मिनिटंच मिळायचा. लंडनमध्ये इमारतीवरून उडी मारताना त्याचा घोटा मोडला, आणि तोच शॉट सिनेमात आहे. (त्याच सिनेमासाठी हेन्री कॅव्हिलने राखलेली मिशी काढायला परवानगी मिळेना, म्हणून 'जस्टिस लीग'मध्ये ती कॉम्प्युटरवर पुसली गेली आणि सुपरमॅनचा वरचा ओठ उकडलेल्या बटाट्यासारखा दिसला. माझ्या पेशाने सिनेमाला दिलेली ही एक देणगी.) क्रूझ स्वतः उडी मारतो म्हणून मी भारावत नाही, वेडेपणा म्हणजे कला नव्हे. पण खरा देह खऱ्या उंचीवर असला की कॅमेऱ्याला लपवाछपवी करावी लागत नाही. तो लांबून, सलग, शांतपणे बघू शकतो.

हिंसेचा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला असंच झटकून चालणार नाही. फक्त तो चुकीच्या पत्त्यावर जातो. 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (2013) शहराच्या शहर कोसळतं, टॉवर आडवे होतात, आत माणसं असतील असा विचारही मनात येऊ नये अशी व्यवस्था केलेली असते. हा सिनेमा मुलांना दाखवायला कुणाची हरकत नसते. उलट निखिल नागेश भट यांचा 'किल' बघताना माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांवर घेतला होता. रांचीहून दिल्लीला निघालेली राजधानी, दरोडेखोर, एक कमांडो. एसी डब्यातली ती बोळवजा वाट, पडदे, बर्थच्या कडा: रेल्वेने फिरलेल्या प्रत्येकाला ती जागा अंगाने माहीत आहे, त्यामुळे एकावेळी एकच माणूस अंगावर येऊ शकतो हे समजवावं लागत नाही. अर्ध्या वाटेवर सिनेमाचं नाव पडद्यावर येतं आणि तिथून नायक खरोखर मारू लागतो. पण ते दरोडेखोर एकमेकांचे काका-पुतणे-भाऊ आहेत. आपल्या मेलेल्यांसाठी ते रडतात. नायकाकडे बघताना आपल्याला भीती वाटायला लागते. इथे प्रत्येक मरणाची किंमत मोजलेली आहे, आणि 'फार हिंसक' म्हणून नाकं मुरडली जातात ती याच सिनेमाकडे बघून.

आणि हे सगळं करतं कोण? जॉन विकचा दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की 'मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्ह्जच्या जागी आपटणारा स्टंटमन होता. अशा लोकांसाठी ऑस्करने 2025मध्ये वेगळा पुरस्कार जाहीर केला, तोही मिळणार 2028पासून. गंमत म्हणजे आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो 2017 सालीच आला. पहिला मान 'पुलिमुरुगन'साठी पीटर हेन यांचा. किती जणांना माहीत होतं? नोव्हेंबर 2016मध्ये बेंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मस्तीगुडी' या कन्नड सिनेमासाठी हेलिकॉप्टरमधून उडी मारलेले दोन अभिनेते बुडून मेले. ज्या कामात जीव जातो, ते बघताना डोकं घरी ठेवा म्हणणं मला असभ्य वाटतं. आपण नीट बघत नसू, तर कट लपवलेली मारामारी आणि महिनाभर घोटवलेली मारामारी यांत निर्मात्याने फरक तरी का करावा?

आता घरचं. आपल्या सगळ्यात लाडक्या गोष्टी भूगोलाच्या आहेत. जुलै 1660, पन्हाळ्याहून विशाळगडाकडची वाट, पाऊस, आणि बाजीप्रभू व बांदलांची माणसं खिंडीत. अरुंद जागेत थोड्यांना पुष्कळांना अडवता येतं, सगळा डाव त्या अरुंदपणावर उभा आहे. 'द रेड'चा बोळ आणि 'किल'चा डबा जे करतात तेच आमच्या मावळ्यांनी केलं. पण आपल्या इतिहासपटांतल्या लढाया आठवून पाहा. स्लो मोशनमध्ये तलवार, कॉम्प्युटरचं रक्त, वर गर्जना आणि ढोल. शत्रू कुठून येतोय, एका ओळीत किती मावतात, मागची माणसं पुढे कधी येतात, दमलेला कोण, यातलं काही कळत नाही. इतिहास लिहिणाऱ्याच्या शब्दाशब्दाला आम्ही धारेवर धरतो, प्रसंगी तोडफोड करतो; लढाई दाखवताना मात्र खिंडच गायब असते, आणि डोळ्यांत पाणी आणून आम्ही बाहेर पडतो.

यापुढे कुणी ही लढाई पडद्यावर आणणार असेल तर माझी एवढीच मागणी आहे. घोषणा नंतर द्या. आधी कॅमेरा एका जागी ठेवा आणि ती खिंड किती रुंद आहे ते दाखवा.