पाचटाचा धूर आणि जमिनीचा कर्ब

ऊसतोडीचा हंगाम भरात आला की आमच्या बाह्यरुग्ण विभागातली खोकल्याची रांग वाढू लागते. खेड्यातून धाप लागून आलेल्या रुग्णाला मी हल्ली विचारतो, ‘‘शेजारच्या रानात पाचट पेटवलं होतं का?’’ अनेकदा उत्तर ‘हो’ असते. थंडीत हा धूर जमिनीलगत साचून राहतो. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. लहान मुले, वृद्ध, दमा आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो.

हीच काडी शेताचेही नुकसान करते. उसाच्या एका हेक्टरमधून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, म्हणजे ४० ते ५० किलो असते. पेटवल्यावर त्यातले बहुतेक नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो, वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. मग तेच नत्र आपण गोणीतून विकत आणतो.

शेतकरी हौसेने पाचट जाळत नाही. मजूर मिळत नाहीत, सरीत पाणी अडते, उंदीर-सापांची भीती असते. या अडचणी खऱ्या आहेत, पण खोडव्यात उपाय आहे. पाचट सरीत पसरून दाबावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावे. युरिया गाळू नये. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असल्याने कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि फुटवे पिवळे पडतात. काही महिन्यांत पाचट कुजते. तोवर ते ओल धरते आणि तण दाबते.

नुसत्या बंदीच्या फतव्याने काडी थांबणार नाही. तोड संपताच पाचट कुट्टीचे यंत्र आणि जिवाणू संवर्धक बांधावर पोहोचेल, ही जबाबदारी साखर कारखाने आणि कृषी विभागाने मिळून उचलावी. पहिल्या पाण्याआधी हे झाले, तरच शेतकऱ्याला ते परवडेल. दवाखान्यात आम्ही धाप कमी करू शकतो. धूर थांबवण्याचे काम मात्र रानातच व्हायला हवे.