बकरीचे पाणी कोणत्या दप्तरी?

सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या काठापर्यंत पसरलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांच्या ज्या मुलखास लोकांच्या तोंडी आणि सरकारी कागदांतही खारपाणपट्टा हेच नाव आहे त्या मुलखात, पाण्याची चर्चा निघाली की ती माणसाच्या मूत्रपिंडापाशी येऊन थांबते. आणि त्या विकाराने तेथे जी घरे उद्ध्वस्त झाली ती पाहता त्यात वावगे काही नाही. वान धरणाचे गोडे पाणी नळाने आणणारी 140 गावांची योजना याच निकडीतून आली. परंतु नळ आल्याबरोबर ज्या विहिरीस गावाने पिण्यास अयोग्य ठरवून पाठ दाखविली, तिचेच मचूळ पाणी त्या दिवसापासून बिनबोभाट बकऱ्यांच्या वाट्यास गेले, ही गोष्ट मात्र कोणाच्याही दप्तरी दाखल झाली नाही.

बकरीची बाजू सरसकट करुण करून मांडावी, अशा मताचा मी नाही. माणसाच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आणि दुसरा उद्भव नसेल तर 2000, अशी आहे. जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यक 3000 पर्यंतचे पाणी बहुधा चालवून घेतात, 5000 च्या पुढे गाभण व दुभत्या जनावरांस ते देऊ नये म्हणतात, आणि 10000 च्या पुढे ते सर्वथा वर्ज्य मानतात. तेव्हा माणसाने टाकलेले पाणी बकरीस चालणे शक्य आहे. पण हे आकडे मे महिन्यातल्या वऱ्हाडच्या उन्हाचा हिशेब धरीत नाहीत. हिवाळ्यात दोन-तीन लिटरांवर भागणारी बकरी उन्हाळ्यात, विशेषतः अंगावर करडे पीत असता, दुप्पट आणि त्याहूनही अधिक पाणी पिते, म्हणजे त्याच पाण्यातील क्षारही दुप्पट गिळते; शिवाय उघड्या हौदातले पाणी दिवसभर आटत राहिल्याने सायंकाळचा घोट सकाळच्या घोटापेक्षा खारट असतो. सिनाईच्या वाळवंटातील काळ्या बेदुईन शेळ्या दोन-दोन, चार-चार दिवस पाण्यावाचून काढतात आणि मग एका दमात पोट भरून घेतात, हा दाखला काही मंडळी हटकून देतात; परंतु त्या जातीचे हे सामर्थ्य पिढ्यानुपिढ्यांच्या वाळवंटी वास्तव्याचे फळ आहे, आपल्या वऱ्हाडी बकरीवर ते लादण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

क्षारांची निदान चव तरी लागते. नायट्रेटास रंग, वास, चव यांपैकी काहीच नसते. उकिरड्याच्या अंगाला असलेल्या विहिरीत किंवा रासायनिक खतांच्या शेतातील बोअरमध्ये ते झिरपते, बकरीच्या पोटात जंतूंच्या क्रियेने त्याचे नायट्राइट होते, आणि मग रक्तातील प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती खुंटते. माणसाच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या, कितीतरी पट नायट्रेट बकरी सोसते. पण पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेल्या ज्वारीतही तेच साठलेले असते, आणि चारा व पाणी या दोहोंचा भार एकाच दिवशी पडला की धडधाकट जनावर धापा टाकीत कोसळते. अशा वेळी ‘कोवळी ज्वारी बाधली’ एवढ्यावर पंचनामा संपतो. वास्तविक ज्वारीतील सायनाइडने मेलेल्या जनावराचे रक्त बहुधा लालभडक असते आणि नायट्रेटाने मेलेल्याचे तपकिरी. हा भेद डोळ्यांनी दिसणारा आहे, परंतु विहिरीवर संशय घेण्याची आपली रीतच नाही.

आणि गोड्या पाण्यानेही एक नवे संकट आणले आहे. बकरी पाण्यापाशी आली की आधी हुंगते, शेवाळलेल्या हौदात नुसते नाक घालून मान फिरविते, तहानेने जीव कासावीस झाला तरी पुष्कळदा तोंड लावीत नाही. आणि तीच बकरी नळकोंडाळ्याच्या गळतीने साचलेल्या डबक्यावर तुटून पडते, कारण तेथले पाणी गोडे असते. त्या डबक्यातील गोगलगायींच्या द्वारे यकृतातील पर्णकृमींचा फैलाव होतो, आणि कडेच्या लेंड्यांनी भरलेल्या चिखलातून करडांस रक्ती हगवण लागते.

विदर्भातील गावांकरिता 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात निस्तारपत्रकाची तजवीज आहे. गुरे कोठे व कोणत्या शर्तींवर चारावी, हे त्यात लिहावयाचे असते. चराईची अशी बूज राखणाऱ्या सरकारास पाणवठ्याच्या गुणवत्तेचा विसर पडावा, याचे मला नवल वाटते. 2019 च्या पशुगणनेत राज्यात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या. जलजीवन मिशनने मात्र माणशी 55 लिटरांचा हिशेब धरला आणि गोठ्याकडे पाहिले नाही. भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेत माणसांच्या उद्भवाचा नमुना जातोच. त्याच खेपेस टाकलेल्या विहिरीची एक बाटली गेली, तर फार काही बिघडणार नाही.

बकऱ्यांस नळाचे पाणी दिल्यास माणसांचे तुटेल, ही हरकत येणार. पन्नास बकऱ्यांच्या कळपास ऐन उन्हाळ्यात तीनशे लिटरांच्या आसपास, म्हणजे पाच-सहा माणसांच्या वाट्याइतके, पाणी लागते. कोंडाळ्याची गळती बंद करून पाणी एका ठेंगण्या, आतून चुना दिलेल्या, आठवड्यास उपसता येईल अशा हौदात वळविले, तर हा हिशेब बहुतेक गावांत जुळावा. जेथे तेवढेही जमत नाही, तेथे गाभण व दुभत्या बकऱ्यांस, आणि मूतखड्याचे भय असल्यामुळे खच्ची बोकडांस, आधी गोडे पाणी द्यावे. बाकीच्या कळपास विहिरीचे मचूळ पाणी पाजावे, पण सकाळी ताजे उपसून, आणि विहिरीची तपासणी झाल्यानंतर.

— पाणक्या