झोपेची गोळी आणि घरातील विवेक

झोप न येणे हे दुःख लहान नव्हे. दिवसभर शेतात राबलेला मनुष्य रात्री कूस पालटीत पडतो आणि सकाळी थकलेलाच उठतो. अशा वेळी कोणी शेजारी आपुलकीने एखादी गोळी पुढे करतो व ती घेण्याचा मोह होतो. या गोळीसंबंधी आमच्या कुटुंबांत दोन परस्परविरुद्ध चुका होत असतात. कोणी ती निर्धास्तपणे घेतो, तर कोणी भीतीने ती एकाएकी सोडून देतो. दोन्ही चुका प्राणावर बेतू शकतात. म्हणून हा विषय आज घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बार्बिट्युरिक आम्ल हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फोन बायर यांनी १८६४ साली तयार केले. त्याच्या अंगी झोप आणण्याचा गुण नव्हता. परंतु त्यापासून निघालेले वेरोनाल हे औषध एमिल फिशर व योझेफ फोन मेरिंग यांनी १९०३ साली पुढे आणले आणि गुंगीच्या औषधांचे एक नवे कुळच जन्मास आले. १९१२ साली आलेले फेनोबार्बिटोन याच कुळातले. त्याच वर्षी आल्फ्रेड हाउप्टमान या डॉक्टरांच्या ध्यानात आले की, या औषधाने अपस्माराचे झटकेही आवरतात. पुढे १९६० नंतर झोपेसाठी तुलनेने कमी धोक्याची औषधे आली व हे कुळ मागे पडले. फेनोबार्बिटोन मात्र अपस्मारासाठी आजही दिले जाते. आपल्याकडे पुष्कळ घरांत ते गार्डेनाल या नावाने परिचित आहे.

हे कुळ मागे का पडले, हे समजून घेणे बोधप्रद आहे. ही औषधे मेंदूचे कार्य मंद करतात. मात्रा वाढली की झोपेपाशी न थांबता श्वासोच्छ्वास चालविणारे केंद्रही मंदावते. त्यातून सवय अशी जडते की, कालची गोळी आज पुरेनाशी होते. मनुष्य मात्रा वाढवितो. पण शरीराची सहनशक्ती त्या प्रमाणात वाढत नाही. उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांतील अंतर असे कमी कमी होत जाते. त्यावर उतारा म्हणावा असे खास औषधही नाही.

मद्याची जोड मिळाली म्हणजे तर अनर्थच. फेणी असो वा अन्य दारू, तीही मेंदू मंद करते. दोहोंचा भार एकदम पडला की श्वास थांबू शकतो. आज डॉक्टर देतात त्या झोपेच्या गोळ्या बहुधा निराळ्या कुळातल्या असल्या, तरी मद्याविषयीचा हा इशारा त्यांनाही लागू आहे. वृद्धांना अशा गोळ्यांनी भ्रम होतो, तोल जातो आणि पडून हाड मोडते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसारख्या औषधाचा गुण फेनोबार्बिटोनमुळे कमी होतो. म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांस सांगावे.

आता दुसरी चूक. फिट येणाऱ्या मुलीला गार्डेनाल चालू असते. वर्षभर झटका येत नाही. मग कोणी म्हणते, "ही झोपेची गोळी, पोरगी मंद होईल," आणि गोळी बंद होते. एकाएकी बंद केल्याने लागोपाठ झटके येऊन जीव धोक्यात येतो. गोळी कमी करावयाची असल्यास ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी. गर्भवती स्त्रीनेही ती आपल्या मनाने सोडू नये. शक्य तर गर्भधारणेपूर्वीच सल्ला घ्यावा. अपस्मार ही बाहेरची बाधा नव्हे, तो मेंदूचा विकार आहे. प्रार्थना अवश्य करावी. पण गोळी चुकवू नये. औषध घेणे हे श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण नव्हे.

घरात काही नियम पाळावे. गोळ्या कुलपात, मुलांच्या हातापासून दूर ठेवाव्या. एकाची गोळी दुसऱ्यास देऊ नये. विसराळू वृद्धास घरातील एकानेच ती मोजून द्यावी. कोणी हाका मारूनही उठत नसेल, श्वास मंद वा घरघरता असेल, तर 'झोपू द्या' म्हणू नये. त्यास कुशीवर वळवावे, ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये, तोंडात काही घालू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

निद्रानाशाच्या मुळाशी पुष्कळदा गोळीने न सुटणारी गोष्ट असते: कर्ज, भाऊबंदकी, परदेशी गेलेल्या मुलाची काळजी. सायंकाळचा चहा टाळावा, रोज ठराविक वेळी उठावे, झोपेसाठी दारू घेऊ नये. एवढ्याने न भागल्यास डॉक्टरांकडे जावे. आणि ज्याच्या मनात जगणे नकोसे झाल्याचे विचार येतात, त्यास घरच्यांनी एकटे सोडू नये. गोळ्या त्याच्यापासून दूर ठेवाव्या व शासनाच्या टेलि-मानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. अशा रात्री जवळ बसून त्याचे म्हणणे ऐकणारे माणूस घरात असावे, एवढेच आमचे आजचे मागणे आहे.