उशीर कुणामुळे?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. रुग्णालय ५०० खाटांचे, ठाणे महापालिकेचे. ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयाची पुनर्बांधणी सुरू असल्याने तिथलाही भार इकडेच वळलेला. काही रुग्ण खासगी रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत आणले गेले, असे प्रशासनाने तेव्हा सांगितले. खरे दुखणे इथेच आहे. हातावर पोट असलेला माणूस रोज बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढतो, मग उसनवारी करून खासगीत जातो आणि पैसे संपले की सरकारी दार गाठतो. या उशिराला रुग्ण जबाबदार नाही, त्याची परिस्थिती आहे.

ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या पाहणीत संशोधक मायकेल मार्मट यांना हुद्दा जितका खालचा तितका मृत्युदर अधिक आढळला. तिथे तर उपचार मोफत होते! आपल्याकडे तर उपचार जवळही मिळत नाहीत: कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून गंभीर रुग्णाला आजही कळवा-मुंबईकडे धाडले जाते. ही दोन्ही रुग्णालये अतिदक्षता खाटा आणि पूर्णवेळ तज्ज्ञांसह सक्षम करा. कल्याण-डोंबिवली महापालिकेने पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी आधी तरतूद करावी, रस्त्यांचे सुशोभीकरण नंतर.