शोधनिबंधावर दोघे, पुरस्काराला एकटा : संशोधक विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू

विषय : विद्यार्थ्यांसह लिहिलेल्या संयुक्त शोधनिबंधांसाठीच्या पुरस्काराच्या नियमांत दुरुस्ती करण्याबाबत

महोदय,

विद्यापीठाने असा पुरस्कार सुरू केला याचे आम्हाला समाधान आहे. ते आधीच नोंदवतो, कारण पुढचे वाचून आम्ही पुरस्काराच्याच विरोधात आहोत असे कुणाला वाटू नये. परिपत्रक हाती आल्यावर विभागात दिवसभर त्याचीच चर्चा होती. तिसऱ्या पानावरच्या एका ओळीने मात्र उत्साह मावळला. रोख रक्कम आणि मानचिन्ह अध्यापकांना, विद्यार्थ्याला सहभागाचे प्रमाणपत्र! असे प्रमाणपत्र वक्तृत्व स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झालेल्यालाही मिळते.

शोधनिबंधावर नाव, पण बक्षिसात नाही, ही रीत जुनी आहे. १९२८ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या नव्या दुय्यम प्रारणाविषयीच्या टिपणावर रामन आणि कृष्णन अशी दोन नावे आहेत. १९३०चे नोबेल एकट्या रामन यांना मिळाले. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या आलेखात एक चमत्कारिक खूण दिसली आणि त्यातून पल्सारचा शोध लागला. पुढच्या वर्षीच्या शोधनिबंधावर पाच लेखकांत तिचे नाव दुसरे होते. १९७४चे नोबेल मात्र तिचे मार्गदर्शक ह्युइश आणि त्यांच्याबरोबर मार्टिन राइल यांना गेले. नोबेलचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. पण याच राइल यांच्या निष्कर्षांना १९६१ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायची वेळ आली, तेव्हा फ्रेड हॉइल यांनी आपल्या विद्यार्थ्याला उभे केले. ते विद्यार्थी म्हणजे कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर. मार्गदर्शकाने ठरवले तर काय होऊ शकते, हेही तेव्हा दिसले होते.

म्हणून पहिली मागणी अशी : पुरस्काराची रक्कम सर्व लेखकांत समान वाटावी, विद्यार्थ्याचा वाटा थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा आणि मानचिन्हावर सगळ्यांची नावे असावीत. मधल्या काळात विद्यार्थी विद्यापीठ सोडून गेला असला तरी त्याचा हक्क कायम राहावा. पेपर छापून येईपर्यंत आमच्यातले निम्मे लोक कुठल्यातरी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असतात.

दुसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक प्रस्तावासोबत योगदानपत्रक सक्तीचे करावे. कल्पना कुणाची, पद्धत कुणी ठरवली, नमुने कुणी गोळा केले, आकडेमोड कुणी केली, पहिला मसुदा कुणी लिहिला, देखरेख कुणाची, निधी कुणी आणला, याची विभागणी करणारी १४ भूमिकांची ‘क्रेडिट’ नावाची पद्धत अनेक नियतकालिके आज वापरतात. तीच घ्यावी. मात्र पत्रक दोनदा भरून घ्यावे, एकदा काम सुरू होताना आणि एकदा पेपर पाठवताना, दोन्ही वेळा सर्वांच्या सह्यांनिशी. शेवटी एकदाच भरलेले पत्रक म्हणजे पंचांच्या सह्या आधी घेऊन मागाहून लिहिलेला पंचनामा.

आमची एक सदस्य दोन उन्हाळे गावोगावच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने घेत फिरली. बाटल्यांवर चिठ्ठ्या तिने चिकटवल्या, प्रयोगशाळेतल्या चाचण्या तिने केल्या, तक्ते तिने बनवले. पेपर आला तेव्हा ती शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात होती. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘लिहिलं कुठे तू?’ तिला लिहायला सांगितलेच नव्हते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती या बाबतीत स्पष्ट आहे. नुसता निधी आणला किंवा नुसती देखरेख केली म्हणून कुणी लेखक ठरत नाही. आणि संशोधनात भरीव वाटा असलेल्याला मसुद्यात भाग घेण्याची संधी नाकारून त्याचे लेखकपण काढून घेता येत नाही. हा नियम आम्हालाही लागू आहे, हे मान्य. ज्याने केवळ बाटल्या भरल्या आणि पुढे काहीच केले नाही, त्याचे नाव आभारातच शोभते.

नावाच्या क्रमाबद्दल अध्यापकांची एक अडचण नेहमी सांगितली जाते, ती म्हणजे बढतीचे गुण. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम उघडून पाहावेत. दोन लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के गुण मिळतात, नाव पुढे असो वा मागे. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. म्हणजे एकच विद्यार्थी सोबत असताना त्याला पहिले नाव दिल्याने मार्गदर्शकांचा अर्धा गुणही कमी होत नाही. हे ठाऊक असूनही क्रम बदलत नसेल, तर कारण गुणांमध्ये नाही.

उलट बाजूचाही धोका आहे. पुरस्कारासाठी विद्यार्थी लागतो म्हटल्यावर विद्यार्थी ‘आणले’ जातील. कुणाचा भाचा, कुणाच्या ओळखीतली मुलगी. त्यावर उपाय साधा आहे. निवड समितीने विद्यार्थ्याला मार्गदर्शकांच्या गैरहजेरीत पंधरा मिनिटे बोलते करावे. ज्याने काम केले आहे त्याला चुकलेला प्रयोगही आठवतो.

पात्रतेच्या अटी रुंदावाव्यात, ही तिसरी मागणी. सध्या केवळ पीएच.डी.चे विद्यार्थी पात्र आहेत. राज्याच्या आविष्कार महोत्सवात पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वेगळे गट आहेत, आणि चार वर्षांच्या नव्या पदवीत चौथे वर्ष संशोधनाचे घेता येते. मग पुरस्काराचे दार त्यांना बंद का? शिवाय परिपत्रकात अजून युजीसी-केअर यादीचा उल्लेख आहे. ती यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. तिच्या जागी फक्त स्कोपस आणले तर मराठीत लिहिणारे बाहेर फेकले जातील. ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा वाईच्या ‘नवभारत’मध्ये आलेल्या लेखाचा कस समितीने लेख वाचून ठरवावा. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाल्याचा फलक मुख्य इमारतीवर झळकला होता, एवढीच आठवण करून देतो. पैसे भरून छापल्या जाणाऱ्या पेपरांना जादा गुण नकोत, हे वेगळे सांगायला नको.

शेवटचे, तक्रारीबद्दल. सहा महिन्यांच्या प्रगती अहवालावर मार्गदर्शकांची सही असते आणि त्या सहीवर फेलोशिप अवलंबून असते. अशा स्थितीत विभागप्रमुखांकडे तक्रार करा, हा सल्ला कुणी मनावर घेत नाही. नाव वगळल्याची तक्रार विभागाबाहेरच्या समितीकडे, नाव गुप्त ठेवून करता यावी. व्हायवा झाल्यानंतर एक वर्षापर्यंत ती स्वीकारली जावी. समितीत एक संशोधक विद्यार्थी असावा.

या वर्षीचे प्रस्ताव मागवण्याआधी नियम दुरुस्त करावेत आणि त्यासाठी आम्हाला भेटीची वेळ द्यावी, ही विनंती. योगदानपत्रकाचा एक पानी नमुना आम्ही तयार केला आहे, तो सोबत जोडत आहोत.

आपले,
अध्यक्ष व सचिव
संशोधक विद्यार्थी संघटना

प्रत माहितीसाठी : मा. प्र-कुलगुरू, मा. कुलसचिव, सर्व विभागप्रमुख