शिक्षा भोगल्यानंतरची शिक्षा

नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची पोलीस खात्यामार्फत चारित्र्य-पडताळणी व्हावी, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्या अपराधाची शिक्षा मनुष्याने केव्हाच भोगून संपविली, त्याची नोंद दफ्तरात किती वर्षे जिवंत ठेवावी, या प्रश्नाला आपल्या कायद्याने सर्वसाधारण असे उत्तर अद्याप दिलेलेच नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ अन्वये अल्पवयीनाच्या शाबितीची कागदपत्रे, सोळा वर्षांवरील काही गंभीर प्रकरणे वगळता, यथावकाश नष्ट करावी लागतात. १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या इसमास शाबितीमुळे येणाऱ्या अपात्रतेतून मुक्त करतो, मात्र शाबिती पुसत नाही. आणि तरुणपणी घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक गुन्हा उमेदवाराने लपविला, तरी ती चूक नियोक्त्यास क्षम्य मानता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. बाकीच्यांचे काय? इंग्लंडात १९७४ च्या कायद्यापासून, संवेदनशील नोकऱ्या सोडल्यास, ठराविक मुदत उलटलेली जुनी शिक्षा सांगण्याचे बंधन उरत नाही. घोर अपराध वगळून तसाच मुदतीचा कायदा आपल्या संसदेने विनाविलंब करावा. आणि तोवर उमेदवारांनी अर्जातील विचारणेस सत्य तेच उत्तर लिहावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.